सम्राज्ञीला हसलो तो दिवस

माझी चूक आधीच सांगतो. मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात, लंडनमधल्या स्टॅनमोरजवळ भाड्याने घेतलेल्या एका चर्चच्या हॉलमध्ये, मी माझ्या बायकोच्या भीतीची टिंगल केली. तिचा उल्लेखसुद्धा केला नाही. मी बोलत होतो रशियाच्या शेवटच्या सम्राज्ञीबद्दल आणि तिच्या दरबारात शिरलेल्या बुवांबद्दल. लोक पोट धरून हसले. बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. मी खरं कोणाबद्दल बोलतोय ते तिला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला दिसत होतं. तरी मी थांबलो नाही.

हे त्र्याऐंशीच्या जानेवारीतलं. आमचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता.

तो रांगायला लागला तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर आणि दंडांवर काळेनिळे डाग उठायला लागले. बाळाला बघायला घरी येणारी हेल्थ व्हिजिटर एकदा त्याचे डाग बघून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. आम्ही मुलाला मारतो असं तिला वाटलं होतं. मी स्वतः डॉक्टर, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काम करणारा. माझ्या घरात असं कोणी बघावं याची मला इतकी लाज वाटली की डागांचं कारण शोधायला हवं हे मला दोन दिवस सुचलंच नाही. बायकोला सुचलं. तिनेच त्याला आमच्या भागातल्या डॉक्टरकडे, जीपीकडे नेलं, तिथून लंडनच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं, आणि हिमोफिलिया हा शब्द आमच्या घरात आला. रक्त गोठत नाही. बाहेर कापलं तर दिसतं तरी, पण सांध्यात, पोटात, डोक्यात आतल्या आत वाहत राहिलं तर कळतही नाही.

तिथले मुख्य डॉक्टर फार सज्जन होते. त्यांनी कागदावर चौकोन आणि गोल काढून वंशवृक्ष समजावला. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. बायकोचा गोल त्यांनी अर्धा रंगवला आणि म्हणाले, आई कॅरिअर असते, स्वतःला न होता रोग पुढे नेणारी. मग आम्हाला धीर यावा म्हणून सांगितलं की हा आजार इथल्या राजघराण्यातही होता, एका राणीच्या लेकी-नातींबरोबर तो युरोपभर गेला, रशियापर्यंत. बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे?"

मी म्हणालो, "टेक्निकली, हो."

त्या क्षणी माझ्याकडे दुसरे कितीतरी शब्द होते. मला तोच सापडला.

आजाराचं नाव आम्ही कोणाला सांगितलं नाही. पुण्यात तिच्या धाकट्या बहिणीची स्थळं बघणं चालू होतं. घरातल्या बायकांच्या रक्तातून रोग येतो असं एकदा कानोकानी झालं असतं, तर त्या मुलीचं लग्न अवघड झालं असतं. म्हणून मंडळात आणि शेजारी आम्ही सांगायचो की मुलाची हाडं नाजूक आहेत. लोकांना ते पटायचं. इथे ऊन नाही, असं म्हणून ते आम्हाला कॉड लिव्हर ऑइल सुचवायचे.

घरात आम्ही भीतीला सरावलो होतो असं म्हणता येणार नाही. सराव होत नाही. टेबलाच्या कोपऱ्यांना फोम चिकटवला होता, जिन्याच्या तळाशी जुनी गादी अंथरली होती. मी वॉर्डात राउंड घेत असलो आणि सिस्टरने "डॉक्टर, फोन" म्हटलं की मी समोरच्या पेशंटला तसाच सोडून धावायचो. वरच्या खोलीत काही पडल्याचा आवाज झाला की आम्ही दोघं जागच्या जागी थिजायचो, आणि पुस्तक पडलं की मूल पडलं ते कळेपर्यंत एकमेकांकडे बघायचो नाही.

औषध फ्रिजमध्ये असायचं, दह्याच्या डब्याशेजारी. छोट्या बाटलीत पांढरी पूड. तिच्यात पाणी घालून बाटली हलवायची नाही, तळव्यांमध्ये हळूहळू फिरवायची, मग सिरिंजमध्ये घ्यायची आणि मुलाच्या शिरेत द्यायची. अमेरिकेहून येणारी ही पूड हजारो लोकांचं रक्त एकत्र करून बनवतात, हे मला माहीत होतं. मला त्यात विज्ञानाची कमाल दिसायची. त्याआधी मुलाला इस्पितळात नेऊन गोठवलेल्या प्लाझ्माची पिशवी लावावी लागायची, दिवस मोडायचा. आता घरच्या घरी वीस मिनिटांत काम. मुख्य डॉक्टर म्हणायचे, लवकर द्या, मोकळ्या हाताने द्या. त्यांच्या खोलीत मी खुर्चीच्या टोकावर बसून मान हलवत असायचो.

बायको मात्र प्रत्येक वेळी विचारायची, "आज बर्फाने भागणार नाही का? थोडं थांबून बघू या का?" मुलाला सुई टोचताना बघणं तिला सहन होत नाही, असा अर्थ मी काढला होता.

याच सुमारास तिला माईंकडे नेण्यात आलं. माई एजवेअरमध्ये राहायच्या, शेजारच्या घराला जोडलेल्या एका साध्या सेमी-डिटॅच्ड घरात. विधवा, कोल्हापूरकडच्या, मुलाकडे आलेल्या. दर गुरुवारी त्यांच्या पुढच्या खोलीत बायका जमायच्या. गॅस फायरची ऊब, उदबत्ती, पोर्चमध्ये चपलांचा ढीग. माई डोळे मिटून बसायच्या, मग एकेकीला जवळ घेऊन काहीतरी सांगायच्या आणि अंगारा द्यायच्या. बायकोला तिथे घेऊन गेल्या होत्या स्टॅनमोरच्या दोघी जावा. दोघींचे नवरे भाऊ-भाऊ, एकाच गल्लीत घरं, दोघी कायम बरोबर. आजाराचं खरं नाव मंडळात फक्त या दोघींना ठाऊक होतं. बायकोनेच सांगितलं होतं आणि त्यांनी ते शेवटपर्यंत जपलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण त्यांचीही मी टिंगल केली.

त्या डिसेंबरात एका गुरुवारी मी संध्याकाळी घरी आलो तर घरात कोणी नव्हतं. शाळेतून फोन येऊन गेला होता, मुलाचा गुडघा सुजला होता, एवढं शेजारणीने सांगितलं. फ्रिजमधल्या बाटल्या जशाच्या तशा होत्या. मी कोट न काढता जिन्यावर बसून राहिलो. गुडघ्याचं मला एवढं नव्हतं. तो पडताना डोकं आपटलं असेल तर, हा विचार डोक्यातून हलत नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर एक्स-रे विभागाचा कॉरिडॉर येत होता, त्यातून चाललेली ट्रॉली येत होती.

तासाभराने दोघं आली. बसने एजवेअरला गेली होती. मुलगा तिच्या कडेवर, पायाला ओला टॉवेल गुंडाळलेला, कपाळावर राख.

"बाबा, माझी गुडघा आता नाय दुखते," तो म्हणाला. त्याचं मराठी तसंच होतं.

गुडघ्याची सूज खरंच उतरली होती. माईंच्या खोलीत तो दोन तास बर्फ लावून बायकोच्या मांडीवर झोपला होता. माई म्हणाल्या होत्या, याला सारखं टोचू नका, घरच्यांच्या हातात राहू द्या. मला आनंद व्हायला हवा होता. उलट सूज उतरली याचाच मला जास्त राग आला. मी तिला म्हणालो की तू मुलाचा जीव एका अडाणी बाईच्या हवाली केलास. ती म्हणाली, "अहो, मी बर्फच लावला ना? तिथे बसून लावला एवढंच." मी कपाळावरची राख ओल्या रुमालाने खसाखसा पुसली. मुलगा रडायला लागला, आणि कपाळावर नवीन डाग उमटेल या भीतीने मीच हात मागे घेतला.

मंडळात मी दरवर्षी इतिहासावर एखादं व्याख्यान द्यायचो. लोकांना आवडायचं. त्या वर्षी सेक्रेटरींनी फोन केला, "डॉक्टर, मागच्या वर्षी तहांच्या अटी ऐकून निम्मे लोक झोपले. या वेळी जरा मसालेदार होऊ दे." मी म्हणालो, राजवाड्यातला बुवा. विषय मला आधीपासून माहीत होता, लायब्ररीतून पुस्तकं आणली होती, ती मुलाच्या आजारासाठी. पण त्या फोनवर मी विषय निवडला तो बायकोसाठी. तिला घरात समजत नाही ते चार लोकांत समजेल, असा माझा हिशेब होता.

व्याख्यान रंगलं. इथल्याच राणीची नात असलेली ती सम्राज्ञी परक्या दरबारात कशी एकटी पडली, हे मी एका वाक्यात उरकलं. मग बुवांवर आलो. पहिला फ्रान्सचा, ज्याने तिला मुलगा होणार असं सांगितलं आणि पोटात काही नसताना ती महिनोन्‌महिने गरोदरपण मिरवत राहिली. त्याने तिला एक घंटा दिली होती, वाईट माणूस जवळ आला की म्हणे आपोआप वाजणार. मी टेबलावरचा पाण्याचा पेला चमच्याने वाजवला आणि मंडळाच्या खजिनदारांकडे बघितलं. हॉल हसून लोळला. मग सायबेरियाचा साधू, सम्राज्ञीच्या मुलाचं न थांबणारं रक्त थांबवायला आणलेला. त्याचं चालणं, त्याची नजर, मी सगळं करून दाखवलं.

"आणि या साधूला राजवाड्यात आणलं कोणी?" मी विचारलं. "दोघी बहिणींनी. राजघराण्यात दिलेल्या दोघी, नवरे भाऊ-भाऊ, म्हणजे एकमेकींच्या जावासुद्धा. गावात नवा बुवा आला की या दोघी पुढे."

लोकांच्या माना आपोआप तिसऱ्या रांगेकडे वळल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "वहिनी, रशियात कधी जाऊन आलात?" थोरल्या जाऊबाई हसल्या, हसणं भाग होतं म्हणून. धाकटीने पर्स उघडून मिटली. बायको दोघींच्या मध्ये बसली होती आणि माझ्याकडे सरळ बघत होती.

शेवटी प्रश्न. एका गृहस्थांनी विचारलं, "पण डॉक्टर, त्या राजपुत्राला हा रोग आला कुठून?"

इथे मी साधं उत्तर देऊ शकलो असतो. मी म्हणालो, "आईकडून. बाईच रोग देते, आणि मग उतारा शोधायला बाईच बुवाच्या पायाशी जाऊन बसते."

सगळ्यात मोठा हशा या वाक्याला पडला. बायको उठली आणि किचनमध्ये चहाचे कप मांडायला गेली. थोड्या वेळाने तिने सगळ्यांबरोबर मलाही तिळगूळ दिला.

आम्ही गाडीने घरी निघालो. घराच्या वळणावर ती म्हणाली, "यापुढे इंजेक्शन तुम्ही म्हणाल तेव्हा. मी काही बोलणार नाही." आणि खरंच बोलली नाही. गुरुवारी एजवेअरला जाणं बंद झालं, दोघी जावांकडे जाणंही. मी म्हणेन तेव्हा ती बाटली फ्रिजमधून काढून माझ्या हातात द्यायची. मी जिंकलो होतो. मुख्य डॉक्टरांच्या सल्ल्याने मी खबरदारी म्हणून दिवसाआड डोस सुरू केला. त्या वर्षात मुलाच्या अंगात किती बाटल्या गेल्या, मी मोजल्या नाहीत.

मग वर्तमानपत्रांत ते यायला लागलं. अमेरिकेतला नवा आजार, अंगातली प्रतिकारशक्तीच संपवणारा, तो रक्तातून पसरतो, रक्ताच्या औषधांतूनही. मी मुख्य डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, धोका अगदी नगण्य आहे, थांबवण्याचा धोका त्याहून मोठा. मी मान हलवली आणि घरी येऊन हेच वाक्य बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. एकेकाळी तिने विचारलं असतं, थोडं थांबून बघू या का. आता विचारणार कोण?

पुढे औषध तापवून निर्जंतुक करायला लागले, आणि ज्या मुलांना आधीचं दिलं होतं त्यांची तपासणी सुरू झाली. तपासणीचा निकाल येईपर्यंतचे आठवडे मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. मी मुलाचा दात घासायचा ब्रश वेगळ्या पेल्यात ठेवला आणि बायकोने तो परत आमच्या ब्रशांमध्ये ठेवला. मी रोज त्याच्या मानेतल्या गाठी चाचपायचो, खेळाचं निमित्त करून, आणि तो गुदगुल्या होतात म्हणून खिदळायचा. शाळेत कळलं तर काय, या विचाराने मी त्याच्या शिक्षिकेला रस्त्यात टाळायला लागलो. टीव्हीवर त्या आजाराबद्दल काही लागलं की बायको उठून बंद करायची आणि टीव्हीकडे पाठ करून उभी राहायची.

तो आजार त्याला नव्हता. त्या केंद्रात येणाऱ्या इतर मुलांपैकी कितीतरी जणांना होता. वेटिंग रूममध्ये आम्ही ज्यांच्याशी फुटबॉलबद्दल बोलायचो ते आईबाप पुढच्या काही वर्षांत एकेक करून दिसेनासे झाले. त्यांच्या नजरेला नजर देता येऊ नये इतकं आमचं नशीब चांगलं होतं.

मुलगा पंधरा वर्षांचा झाला तेव्हा एक नवी तपासणी आली, यकृताला धरणाऱ्या विषाणूची. ती केली आणि तो विषाणू निघाला. मुख्य डॉक्टर निवृत्त झाले होते. नव्या बाईंनी सांगितलं, बहुतेक लहानपणीच्या औषधातून. बायकोने विचारलं, "कुठल्या वर्षीच्या, कळेल का?" त्या म्हणाल्या, नाही. व्याख्यानाच्या आधीच्या एखाद्या बाटलीतूनही आला असेल. हे मला समजतं. मी ते स्वतःला अनेकदा सांगून बघितलं आहे.

त्यानंतर मी पुन्हा ती जुनी पुस्तकं आणली. काय शोधत होतो कोण जाणे. एका ठिकाणी असं होतं की त्या साधूने डॉक्टरांना मुलापासून लांब ठेवायला सांगितलं, आणि तेव्हा नवीन निघालेली वेदनाशामक गोळी त्यामुळे कदाचित टळली, जी रक्त आणखी पातळ करते. खरं-खोटं माहीत नाही. माईंना काही दृष्टी होती असं मी आजही मानत नाही. मला दुसऱ्याच गोष्टीने धरलं. राजपुत्राचा आजार राजवाड्याने प्रजेपासून लपवला होता. त्यामुळे लोकांना फक्त एक वेडी राणी आणि एक बुवा दिसत होता. ती कशाला घाबरली होती ते त्यांना माहीतच नव्हतं, म्हणून ते हसत होते. मला माहीत होतं. त्या दोघी जावा सोडल्या तर हॉलमधले सगळे अजाणता हसले. हसवणारा मी एकटाच जाणता होतो.

मुलगा बर्मिंगहॅमला इंजिनीअरिंग शिकायला गेला. एकोणीस वर्षांचा असताना त्याच्या यकृताचा तुकडा काढून तपासायचं ठरलं. रक्त न गोठणाऱ्या माणसाच्या यकृतात सुई घालायची. आत नेताना तो म्हणाला, "डॅड, आयॅम फाइन. आईला कॉफी दे, ती पॅनिक करते." पॅनिक मी करत होतो. कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही शेजारी बसलो होतो. आता बोललो नाही तर कधीच नाही, असं वाटून मी सुरुवात केली, त्या संक्रांतीला मी हॉलमध्ये जे बोललो...

तिने मला थांबवलं. "आत्ता नको. आत्ता तुम्ही घाबरला आहात म्हणून बोलताय. याला काही झालं तर तुम्हाला माफी मिळालेली असावी, म्हणून."

ते खरंच होतं. मग ती स्वतःच बोलली, समोरच्या भिंतीकडे बघत.

"मी तिथे चमत्कारासाठी जात नव्हते. तिथे मला कोणी कॅरिअर म्हणत नव्हतं. माई डोक्यावरून हात फिरवायच्या आणि मी रडायचे. घरी रडले की तुम्ही मला औषध समजावून सांगायचात."

नर्स बाहेर आली आणि म्हणाली की रक्तस्राव झालेला नाही. बायकोने माझा हात धरला नाही, पण माझा कोट उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

यकृतावर व्रण होते, पण अजून वेळ होता. मुलगा परत कॉलेजला गेला, फोनवर नेहमीसारखं कमी बोलायला लागला. मी वाट बघितली. घरात काही बिनसलेलं नाही, इस्पितळाची तारीख जवळ नाही, मला कशाचीही धास्ती नाही, असा दिवस हवा होता. असे दिवस मिळायला वेळ लागतो.

मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी आम्ही एजवेअरच्या सुपरमार्केटमधून बाहेर पडलो. पार्किंगमध्ये वारा होता. ती डिकीत पिशव्या ठेवत होती, बटाटे खाली, अंडी वर. मी म्हणालो, आज मी घाबरलेलो नाही. तिने अंड्यांचा बॉक्स हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी मी राणीबद्दल बोलत नव्हतो, तुझ्याबद्दल बोलत होतो. तू तिसऱ्या रांगेत आहेस हे बघून बोललो. रोग बाईच देते असं म्हणून लोकांना हसवलं. तू गप्प बसावीस म्हणून केलं, आणि तू गप्प बसलीस."

"लोकांना काय ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मला ठाऊक होतं. तू कशाला घाबरतेस ते मला ठाऊक होतं, कारण मीही त्यालाच घाबरत होतो. तुझं रडायचं ठिकाण मी काढून घेतलं आणि त्या जागी दुसरं काही दिलं नाही. औषधाचं काय बरोबर, काय चूक, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. हे मात्र सांगता येतं. माझं चुकलं. मला माफ कर."